पहिल्या वर्षाआधी कोणती वसतिगृहं बघायला जायची, हे कसं ठरवावं

मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आठ-दहा, कधी त्याहूनही जास्त वसतिगृहं असतात आणि बघायला हातात असतो एक दिवस. एका दिवसात नीट बघून होतात तीन, फार तर चार. पाचव्या इमारतीत पोचेपर्यंत दुसरीतलं बाथरूम आणि तिसरीतली खिडकी डोक्यात एकमेकांत मिसळलेली असते. त्यामुळे खरं काम असतं ते बघायला निघण्याच्या आधीचं: कोणती गाळायची, हे ठरवण्याचं.

बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. संकेतस्थळावरचे फोटो बघून सगळ्यात देखण्या चार इमारती निवडतात, तेवढ्याच बघून येतात, त्यांच्या प्रेमात पडतात आणि वाटपात मिळते पाचवीच. ती त्यांनी बाहेरूनसुद्धा बघितलेली नसते. म्हणून पहिल्या पसंतीची इमारत एक वेळ राहिली तरी चालेल, पण जी मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे ती बघितलीच पाहिजे. आणि जे कागदावर कळतं त्यासाठी पायपीट करू नये. भाडं, कराराचे महिने, खोलीचा प्रकार, जेवणाची सक्ती हे सगळं घरबसल्या कळतं. आवाज, वास, उजेड, वाटेतला चढ आणि तिथली माणसं मात्र तिथे गेल्याशिवाय कळत नाहीत.

आधी एक ईमेल

यादी करायला बसण्याआधी वसतिगृह कार्यालयाला तीन गोष्टी विचारा. अर्जात इमारतींचा पसंतीक्रम मागतात, की फक्त खोलीचा प्रकार? वाटप अर्जाच्या तारखेप्रमाणे होतं, सोडतीने होतं, की कार्यालय स्वतः जुळवाजुळव करतं? आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जागेची हमी असेल, तर ती कोणत्या तारखेपर्यंत अर्ज केला तर?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर सगळा बेत फिरतो. काही विद्यापीठं इमारतीचं नाव विचारतच नाहीत. एकट्याची खोली की दोघांची, बाथरूम सामायिक चालेल का, शांत मजला हवा का, एवढंच विचारतात आणि इमारत स्वतः ठरवतात. तसं असेल तर इमारतींची तुलना करण्यात वेळ घालवू नका. प्रत्येक प्रकारची एकेक खोली बघा आणि प्रकार निवडा. पसंतीक्रम मागत असतील तर किती नावं द्यायची आहेत तेही विचारा. पाच नावं द्यायची असतील आणि तुम्ही दोनच इमारतींबद्दल मत बनवलं असेल, तर उरलेली तीन नावं तुम्ही डोळे मिटून लिहिणार.

यादी छोटी करणं

आता सगळ्या वसतिगृहांची नावं एका कागदावर लिहा आणि खोडायला लागा. आधी पात्रता. काही इमारती फक्त पदव्युत्तर किंवा वरच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असतात, काही फक्त मुलींसाठी किंवा मुलांसाठी, काही एखाद्या विद्याशाखेसाठी किंवा विशिष्ट उपक्रमात भाग घेणाऱ्यांसाठी राखलेल्या. उपक्रमवाल्या इमारतींचा अर्ज बहुतेकदा वेगळा असतो, सोबत छोटा निबंधही मागतात आणि मुदत आधी संपते. ती उलटली असेल तर ती इमारत कितीही आवडो, खोडा.

मग पैसे. इथे महिन्याच्या भाड्यावर जाऊ नका, वर्षाचा हिशेब मांडा. समजा एका ठिकाणी महिन्याला १०० आणि दुसरीकडे १२०. पहिलं स्वस्त वाटतं. पण पहिल्याचा करार १२ महिन्यांचा असेल आणि दुसऱ्याचा ९ महिन्यांचा, तर पहिल्याचे होतात १२०० आणि दुसऱ्याचे १०८०. त्यात सक्तीची जेवणयोजना, कपडे धुण्याचा खर्च, इंटरनेट वेगळं असल्यास ते, आणि सुट्टीत इमारत बंद होत असेल तर त्या दिवसांची दुसरीकडची सोय हे सगळं मिळवा. अनामत वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ती परत मिळायची असते. किती मिळते आणि कशासाठी कापतात, हे करारात वाचायचं.

त्यानंतर तडजोड होणार नाही अशा गोष्टी. तीनच. दहा लिहिल्या तर कुठलीच इमारत बसत नाही आणि मग माणूस कंटाळून फोटोंवरच परत येतो. झोप हलकी असेल तर शांतता. धुळीची ॲलर्जी असेल तर गालिचा नसलेली जमीन. पूजा, प्रार्थना किंवा खाण्याचं पथ्य असेल तर त्याची सोय. बाकीच्या गोष्टी ‘असल्या तर बऱ्या’.

अपंगत्व, आजार किंवा औषधोपचारामुळे विशिष्ट सोय हवी असेल तर तो विषय टूरच्या दिवसावर सोडू नका. त्यासाठी वेगळा अर्ज आणि डॉक्टरांची कागदपत्रं लागतात आणि त्याची मुदत साधारणपणे नेहमीच्या अर्जाच्या आधी येते. चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर आणि उतार १:१२ पेक्षा तीव्र नसलेला हवा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प. ‘आमची इमारत सुगम आहे’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘मुख्य दार सुगम आहे’ एवढाच असतो. सामायिक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची खोली आणि अभ्यासिका यांच्याबद्दल वेगवेगळं विचारा.

शेवटी अंतर. सपाट रस्त्यावर सामान्य चालीने मिनिटाला साधारण ८० मीटर होतात. १.२ किलोमीटर म्हणजे पंधरा मिनिटं. दोन तासिकांच्या मध्ये दहा मिनिटांचीच सुट्टी असेल, तर ४०० मीटरच्या पलीकडे खोलीवर जाऊन वही घेऊन येणं विसरा. नकाशावर दोन ठिकाणांमधली सरळ रेघ मोजू नका, चालण्याचा मार्ग मोजा. मध्ये रेल्वेमार्ग, नदी किंवा कुंपण असलं तर अंतर सहज दुप्पट होतं. आणि ‘विद्यापीठापासून अंतर’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. तुमच्या पहिल्या वर्षाचे वर्ग आणि प्रयोगशाळा कुठल्या इमारतीत आहेत तिथपासून मोजा. मुख्य दारापासून दोन मिनिटांवर असलेलं वसतिगृह रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून वीस मिनिटांवर असू शकतं.

एवढं झालं की यादीत पाच ते सात नावं उरतात.

उरलेल्यांतून बघायच्या कोणत्या

इमारतींपेक्षा प्रकार महत्त्वाचा. नावं वेगवेगळी असली तरी वसतिगृहं ढोबळमानाने तीन तऱ्हांची असतात. पहिली जुनी कॉरिडॉरची पद्धत: लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्याला एक-दोन सामायिक बाथरूम, बहुतेकदा एका खोलीत दोघं. ओळखी सगळ्यात लवकर इथे होतात आणि झोपही सगळ्यात जास्त इथेच मोडते. दुसरी पद्धत म्हणजे दोन ते चार खोल्यांमध्ये मिळून एक बाथरूम. रांग कमी, पण ते बाथरूम कोण धुणार याचं उत्तर पुष्कळ ठिकाणी ‘तुम्ही’ असं असतं, आणि नोव्हेंबरपर्यंत त्यावरून भांडण ठरलेलं. तिसरी अपार्टमेंटची: स्वतःचं स्वयंपाकघर, बैठकीची खोली, चार-पाच माणसं. स्वातंत्र्य भरपूर. पण दार लावलं की मजल्यावर कोण राहतं हे महिनोन्‌महिने कळत नाही. बुजऱ्या स्वभावाच्या मुलामुलींनी पहिल्याच वर्षी ही निवडण्याआधी दोनदा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एकाच आराखड्यावर बांधलेल्या जोडइमारती असतील तर त्यांतली एकच बघा. बांधणीचं आणि शेवटच्या नूतनीकरणाचं साल विचारून घ्या. जुन्या इमारतीत भिंती जाड असतात, पण सॉकेट कमी. नव्यांत याच्या उलट.

मग तीन-चार जागा अशा भरा. पहिली: सध्या जी मनात पहिली आहे ती. दुसरी: तिच्या अगदी उलट प्रकारची, म्हणजे तुलनेला काहीतरी मिळेल. तिसरी, आणि ही चुकवायची नाही: पहिल्या वर्षासाठी सगळ्यात जास्त खाटा असलेली. एका इमारतीत नवख्यांसाठी ६० जागा असतील आणि दुसरीत ६००, तर वाटपाच्या दिवशी तुमचं नाव कुठे लागण्याची शक्यता जास्त, हे सांगायला गणित लागत नाही. या मोठ्या इमारतीबद्दल सहसा कुणी चांगलं बोलत नाही, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. बघितल्यावर बहुतेकदा ती वाटली त्यापेक्षा बरी निघते. वेळ उरलाच तर चौथी: जी तुम्ही एकाच ऐकीव कारणावरून खोडली आहे. ‘तिथे फार आवाज असतो म्हणे’ हे तपासायला अर्धा तास पुरतो.

मित्र किंवा मैत्रीण जिथे जाणार तिथेच बघायला जायचं, हा निकष आम्ही मुद्दाम घेतलेला नाही. दोघांचे वर्ग, खर्चाची ताकद आणि झोपेच्या वेळा वेगळ्या असतात. शेजारच्या इमारतीत राहून मैत्री टिकते. एका खोलीत टिकेलच असं नाही.

वेळ ठरवताना

सत्र चालू असताना, कामाच्या दिवशी, दुपारी चारच्या पुढे गेलात तर इमारत जशी असते तशी दिसते. मुलं वर्गांतून परतलेली असतात, मशीन चालू असतात, बोळात माणसं असतात. सुट्टीत किंवा विद्यापीठाने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुल्या दिवशी गेलात तर दिसते ती रिकामी किंवा झाडूनपुसून सजवलेली इमारत. सुट्टीतली शांतता ही शांतता नव्हे, तेव्हा तिथे कुणी राहतच नसतं. त्या दिवसांतच जावं लागत असेल तर आवाजाबद्दलचं मत इमारतीच्या भिंतींवरून आणि तिथे राहिलेल्यांच्या सांगण्यावरून बनवा, कानांवरून नको.

नोंदणी करताना विचारा: कोणती खोली दाखवणार? बऱ्याच ठिकाणी एक नमुना खोली ठेवलेली असते: तळमजल्यावर, नव्या पडद्यांची, नको असलेलं फर्निचर काढून टाकलेली. ती बघायला हरकत नाही, पण तेवढीच बघून परतू नका. ‘एखादी वापरातली खोली, वरच्या मजल्यावरची, राहणाऱ्याच्या परवानगीने पाच मिनिटं बघता येईल का?’ असं आधी लिहून विचारलं तर पुष्कळदा जमवून देतात. आयत्या वेळी विचारलं तर नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. ते कुणाचं तरी घर असतं. दारावर नावं असलेल्या पाट्यांचे आणि माणसांचे फोटो काढू नका.

एका इमारतीला ४० मिनिटं धरा, त्यानंतर दारातच उभं राहून टिपणाला १० मिनिटं, मग पुढच्या ठिकाणापर्यंत चालण्याचा वेळ. जेवणाआधी दोन, नंतर एक किंवा दोन. आवडती इमारत सगळ्यात आधी ठेवू नका. पहिल्या ठिकाणी काय बघायचं हेच कळत नसतं, डोळा तयार व्हायला एक इमारत खर्ची पडते. ती मधल्या पसंतीची असू द्या आणि आवडती दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवा.

बरोबर मोजपट्टी, पूर्ण चार्ज केलेला फोन, चार्जर, एक कोरा कागद आणि पेन. चार्जर सॉकेट चालू आहेत का बघायला, कोरा कागद कशाला ते पुढे येईल.

आत गेल्यावर

खोलीत शिरल्यावर बोलणं थांबवा. दार आणि खिडकी लावा, दोन मिनिटं नुसतं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवलेली मर्यादा अशी की झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मधूनच येणारा मोठा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. फोनवरचं मोजणारं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने चार खोल्या मोजल्या तर तुलना कामाची ठरते. आवाजाचा उगम शोधा. लिफ्टची विहीर भिंतीला लागून आहे का? जिन्याचं जड दार प्रत्येक वेळी आपटतं का? खिडकीखाली कचऱ्याच्या पेट्या आहेत का? असतील तर गाडी किती वाजता येते? रस्त्याचा एकसुरी आवाज चार दिवसांत अंगवळणी पडतो. पहाटे आपटणाऱ्या दाराची सवय कुणालाच होत नाही. बोळाच्या टोकाची खोली साधारणपणे शांत, पण तिथेच जिना असेल तर तीच सगळ्यात वाईट.

भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ, ढोलासारखा आवाज आला तर ते पातळ पार्टिशन आहे आणि शेजारच्याचा गजर तुमचाही गजर होईल. खिडकीच्या काचेजवळ फोनचा दिवा धरा: प्रतिबिंबांच्या दोन जोड्या दिसल्या तर काच दुहेरी, एकच जोडी दिसली तर एकेरी. एकेरी काच थंडीत गार पडते आणि बाहेरचा आवाज आत घेते.

खिडकी किती उघडते ते करून बघा. वरच्या मजल्यांवर सुरक्षिततेसाठी ती बहुतेकदा दहा सेंटिमीटरवर अडवलेली असते, मग गरम दिवसांत पंखा किंवा वातानुकूलन आहे का हा प्रश्न महत्त्वाचा होतो. दिशा होकायंत्राच्या ॲपवर बघा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या खिडकीला हिवाळ्यात ऊन मिळतं आणि उत्तरेकडची खोली काळोखी राहते. दक्षिण गोलार्धात हे उलट. पश्चिमेची खिडकी कुठेही असली तरी उन्हाळ्याच्या दुपारी तापवतेच.

मोजण्यासारख्या गोष्टी थोड्याच. टेबल पुढून मागपर्यंत निदान ६० सेंटिमीटर हवं, नाहीतर लॅपटॉपपुढे वही मावत नाही. पलंगाखाली ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा असेल तर मोठी बॅग आत सरकते आणि कपाट लहान असलं तरी निभावतं. सॉकेट मोजा, आणि ती पलंगाशी आहेत की दारामागे ते बघा; बऱ्याच वसतिगृहांत आगीच्या भीतीने साध्या एक्स्टेंशन बोर्डला मनाई असते. वाय-फाय तपासायला पाहुण्यांसाठीचं नेटवर्क उपयोगाचं नाही. टूर देणाऱ्या विद्यार्थ्यालाच सांगा की खोलीचं दार लावून तुझ्या फोनवर वेग मोजून दाखव. काँक्रीटच्या भिंतींत ५ गिगाहर्ट्झचा संदेश २.४ पेक्षा जास्त अडतो, म्हणून बोळात वेग उत्तम आणि पलंगावर शून्य असं होतं. भिंतीत तारेची जोडणी असेल तर हा प्रश्नच मिटतो.

गादीची शिवण बघण्याआधी परवानगी मागा, पण बघा. शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग म्हणजे ढेकणांची खूण. मोठा ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर, सफरचंदाच्या बी एवढा असतो. ढेकूण कुठल्याही नीटनेटक्या इमारतीत येऊ शकतात. विचारायचं ते हे की तक्रार केल्यावर किती दिवसांत फवारणी होते आणि तोवर राहायला दुसरी खोली देतात का.

बाथरूम आणि कपडे धुण्याची खोली

टूरमध्ये या दोन जागा दारातूनच दाखवतात. सगळ्यात जास्त वेळ मात्र इथेच द्या, कारण रोजचा जाच इथूनच सुरू होतो.

सामायिक बाथरूममध्ये शॉवर मोजा, मग तो किती जणांत आहे ते विचारा. एका माणसाला दहा मिनिटं धरली तर एका शॉवरवर तासाला सहा जण होतात. ३० जणांत ३ शॉवर असतील तर सगळ्यांचं आटपायला १०० मिनिटं लागतात. नऊच्या वर्गासाठी सगळेच साडेसातनंतर उठणार असतील तर शेवटच्या काही जणांनी अंघोळ विसरावी. एका शॉवरमागे सहा-सात जण ठीक. दहाच्या पुढे रोजची रांग. एखादा बिघडलेला असेल तर तो आकड्यातून वजा करा, दुरुस्त होईल या आशेवर नको.

आता कोरा कागद काढा. एक्झॉस्ट पंख्याच्या जाळीला लावून सोडा. चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतो. खाली पडला तर तो नुसता आवाज करतो, आणि छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसेलच. फवारलेल्या सुगंधाखाली कुबट वास दबलेला असू शकतो, म्हणून कोपरे डोळ्यांनी बघा. वरच्या मजल्यावर असाल तर दोन नळ एकदम सोडून पाण्याचा दाब किती पडतो ते पाहा. कपडे कोरडे ठेवायला आडोसा आणि खुंटी आहे का? सफाई रोज होते का, आणि शनिवार-रविवारी? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असं असतं. सोमवारी सकाळी बाथरूम कसं दिसतं ते मग तुम्हीच कल्पना करा.

कपडे धुण्याच्या खोलीत वॉशिंग मशीनपेक्षा ड्रायर मोजा. धुण्याला साधारण ४० मिनिटं लागतात, वाळवायला एक तास. चार मशीन तासाला सहा फेऱ्या बाहेर काढतात, चार ड्रायर चारच. म्हणजे कोंडी कायम ड्रायरपाशी होते आणि ओले कपडे टोपलीत वाट बघत बसतात. इमारतीत १२० जण असतील आणि त्यांतले निम्मे रविवारीच धुतात असं धरलं तर ६० फेऱ्यांना ड्रायरचे १५ तास लागतील. अशा ठिकाणी कपडे मंगळवारी सकाळी धुणारा सुखी. ‘बंद आहे’ अशा चिठ्ठ्या किती आहेत आणि त्या पिवळ्या पडल्या आहेत का, हेही बघून घ्या. चिठ्ठीच्या रंगावरून त्या इमारतीची दुरुस्तीची तत्परता कळते.

स्वयंपाकघर सामायिक असेल तर तेच गणित: शेगडीचे बर्नर, फ्रिजमधले कप्पे आणि माणसं. जेवण भोजनगृहात असेल तर वेळापत्रक मागून तुमच्या वर्गांशी ताडून बघा, विशेषतः शेवटची वाढणी आणि रविवारची संध्याकाळ. बाकी चव वगैरेची चौकशी करून फार हाती लागत नाही.

बाहेर पडताना आगीच्या वाटा बघा. मजल्यावरून बाहेर जायला दोन स्वतंत्र जिने आहेत का, आणि ती दारं आपोआप लागतात की कुणी वीट लावून उघडी ठेवली आहेत? मुख्य दार कार्डाने उघडत असेल तर दोन मिनिटं बाजूला उभं राहा. एकाच्या कार्डावर चार अनोळखी आत शिरताना दिसले की कुलपाची किंमत कळते.

कुणाला काय विचारायचं

टूर देणारा विद्यार्थी बहुतेकदा त्या कामाचे पैसे घेतो. तो खोटं बोलतो असं नाही, पण ‘इथे कसं वाटतं?’ या प्रश्नाला ‘मस्त’ हेच उत्तर मिळणार. ज्याचं उत्तर विशेषणात देता येत नाही असे प्रश्न विचारा. काल रात्री साडेअकराला या बोळात काय चालू होतं? तुझ्या खोलीत शेवटचं काय बिघडलं आणि किती दिवसांनी दुरुस्त झालं? शांततेची वेळ किती वाजता सुरू होते आणि ती मोडली तर कोण येतं? या वर्षी तुझ्या मजल्यावर किती जणांनी खोली बदलली? लिफ्ट शेवटची कधी बंद पडली?

खोली बदलण्याबद्दल कार्यालयालाही विचारा. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बदल बंदच असतो, त्यानंतर मोकळी खोली असेल तरच मिळते. रूममेट नीट जुळला नाही तर हा नियम फार जवळचा वाटू लागतो.

सफाई कर्मचारी किंवा दारावरचे रखवालदार भेटले आणि त्यांना वेळ असला, तर दोन शब्द जरूर बोला. कुठला मजला शांत आणि कुठल्या बाथरूमचं पाणी तुंबतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आईवडील बरोबर असतील तर त्यांनी करार आणि अनामतीबद्दल विचारावं. रात्री इथे काय चालतं हे मुलांनी मुलांना, आईवडील दहा पावलं पुढे गेल्यावर विचारावं.

जाताच येत नसेल तर

दूरच्या शहरात किंवा परदेशात प्रवेश घेतला असेल तर पडद्यावरच बघावं लागतं. फोटो रुंद भिंगाने काढलेले असतात, त्यात खोली ताणली जाते. कडेच्या सरळ रेषा वाकलेल्या किंवा टोकाचं कपाट पसरट दिसलं की समजा. फोटोतला पलंग हीच तुमची मोजपट्टी: तो साधारण २ मीटर लांब असतो. पलंगाच्या पायथ्यापासून भिंतीपर्यंत अजून किती पलंग मावतील ते बघा, खोलीचा खरा आकार कळतो.

तयार व्हिडिओपेक्षा चालू व्हिडिओ कॉल चांगला. तिथल्या विद्यार्थ्याला विनंती करा की खोलीतून निघून कॅमेरा न थांबवता बाथरूमपर्यंत आणि मग मुख्य दारापर्यंत चालत जा. मध्ये दार आपटलं, कुणाचं गाणं ऐकू आलं, दिवे मंद असले तर ते सगळं आपोआप कळतं.

परतल्यावर

प्रत्येक इमारतीचा पहिला फोटो तिच्या नावाच्या पाटीचा असू द्या, नाहीतर रात्री तीस फोटोंतलं कोणतं बाथरूम कुठलं ते सांगता येत नाही. दहा रकान्यांचे गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत आम्हाला पटत नाही. त्यात कार्यक्रमाच्या हॉलचे आठ गुण बुरशीचे दोन गुण झाकून टाकतात. त्याऐवजी दारातच तीन ओळी लिहा: इथे मला झोपेतून काय उठवेल, इथे मला कशाची उणीव भासेल, उद्या हीच मिळाली तर मी काय म्हणेन.

पसंतीक्रम भरताना सगळ्या जागा भरा. पहिलं नाव लिहून बाकी कोऱ्या ठेवल्या तर पहिलं मिळण्याची शक्यता वाढते, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक पद्धतींत तसं केलेल्याला पहिलं मिळालं नाही की उरलेल्यांतलं काहीही देतात. तुम्ही तिसरी इमारत बघून आलात ती याचसाठी: चौथं आणि पाचवं नाव त्याच प्रकारच्या, बघितलेल्या इमारतीशी ताडून लिहिता येतं. अर्ज, अनामत आणि करारावर सही या तिन्हींच्या मुदती बहुतेकदा वेगवेगळ्या असतात. त्या तिन्ही कॅलेंडरवर टाका.

आणि खोलीचा क्रमांक हातात येईपर्यंत चादरी घेऊ नका. वसतिगृहांतल्या गाद्या पुष्कळदा घरच्या एकेरी गादीपेक्षा लांब असतात, काही ठिकाणी पाच इंचांनी, आणि आखूड चादर पहिल्याच रात्री कोपऱ्यातून सुटते.